‘म्या नाही, माह्या कॅरेक्टरनं केलं’

वाशीमच्या एखाद्या घरात रात्री अकराला हेडफोन लावून बसलेला मुलगा ‘गाडी मागच्या गल्लीत लाव, सराफाचं शटर मी पाहतो’ असं बोलताना ऐकू आला, तर आईच्या पोटात गोळा येणं साहजिक आहे. बहुधा तो रोलप्ले खेळत असतो. ‘जीटीए ५’ हा २०१३ चा खेळ. त्याला ‘फाइव्हएम’ची जोड दिली की कुणालाही आपल्या सर्व्हरवर एक अख्खं शहर वसवता येतं. तिथले पोलीस, डॉक्टर, मेकॅनिक, वकील आणि गुंड हे सगळे माइकवर बोलणारे खेळाडूच. जिंकण्या-हरण्याला फारसा अर्थ नसतो. सोंग वठवायचं आणि गोष्ट पुढं न्यायची. लॉकडाऊनच्या काळात भारतीय यूट्यूबरांनी हा प्रकार हिंदीत थेट दाखवायला सुरुवात केली आणि तो मोठ्या शहरांपुरता राहिला नाही. सोबत गैरसमजही आले, काही घरच्यांचे, काही खुद्द खेळणाऱ्यांचे. माझ्या मते खेळणाऱ्यांचे जास्त घातक.

‘गुंडाचं काम करतो म्हणजे मनातही तेच असणार.’

हा घरच्यांचा संशय. निळू फुले यांना तो आयुष्यभर पुरला. पडद्यावरचा पाटील, सरपंच, साखरसम्राट त्यांच्या अंगाला असा चिकटला की बायाबापड्या त्यांना समोर पाहून बिचकत. प्रत्यक्षात माणूस राष्ट्र सेवा दलाच्या मुशीत घडलेला आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उतरलेला. बाईचं पात्र घेणाऱ्या मुलाविषयीची कुजबुज तर बालगंधर्वांना डोक्यावर घेणाऱ्या महाराष्ट्राला शोभतच नाही. वाशीमला त्याहून नाही. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त साहित्यविद्यावधू रुसलेल्या काव्यपुरुषाच्या मागं देशोदेशी फिरते, दर मुलखात निराळा वेष आणि निराळी बोलण्याची रीत घेते, आणि शेवटी त्यांचं लग्न लागतं ते याच वत्सगुल्मात. सोंगं घेत आलेली नवरी ज्या गावात वरली गेली, तिथं सोंगावरून माणूस जोखू नये.

‘मला माहीत आहे, म्हणजे माझ्या पात्रालाही माहीत आहे.’

भांडणांचं खरं मूळ इथं आहे आणि बाहेरच्यांना ते दिसतही नाही. खेळणारे याला मेटागेमिंग म्हणतात. समजा, रिसोडचा एक मुलगा सर्व्हरवर पीएसआय आहे आणि त्याचा वर्गमित्र तस्कर. तस्कराच्या टोळीचा माल कुठं दडवलाय, हे पीएसआयला दुपारी चहाच्या टपरीवर कळलं. मित्रानंच सांगितलं, हसत हसत. रात्री पीएसआय तडक त्याच गोदामावर धाड घालतो. त्यानं खेळात कुणाची चौकशी केली नाही, खबऱ्या गाठला नाही, पाळत ठेवली नाही. माहिती माणसाकडं होती, पात्राकडं नव्हती. तस्कराच्या बाजूच्या पाच-सहा जणांची आठवडाभराची मेहनत पाण्यात जाते आणि ‘हे कसं कळलं?’ याचं उत्तर गोष्टीच्या आत सापडत नाही.

मोठ्या शहरात अनोळखी लोकांबरोबर खेळणाऱ्याला हे पाळणं त्या मानानं सोपं. तालुक्याच्या गावात पोलीस आणि चोर एकाच बाकावरचे, एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे, कधी एकाच खोलीतले. कानावर पडलेलं न पडल्यासारखं करणं म्हणूनच कसब ठरतं. चांगला खेळाडू अशा वेळी मुद्दाम चुकीच्या गल्लीत शिरतो. दुसऱ्याचं थेट प्रक्षेपण एका खिडकीत उघडं ठेवून त्याला गाठणं हा याचाच आणखी निलाजरा प्रकार.

‘म्या नाही, माह्या कॅरेक्टरनं केलं.’

ही पळवाट जगभर चालते, वऱ्हाडीत ती जरा गोड लागते एवढंच. पात्रानं गोष्टीत दगा दिला, लुटलं, खोटं बोललं तर ते पात्राचं. पण समोरच्या माणसाला नको असलेला प्रसंग त्याच्यावर लादला, तर तो लादणारा माणूसच असतो. पात्र स्वतः काही टाइप करत नाही.

चांगले सर्व्हर हा फरक नियमातच बसवतात. लिखित रोलप्लेत पात्राची कृती ‘स्लॅश मी’ लावून मांडतात आणि परिस्थिती ‘स्लॅश डू’ लावून. ‘मी त्याचे हात दोरीनं बांधतो’ असं लिहिणं गैर. त्याला पॉवरगेमिंग म्हणतात. ‘हात बांधायला बघतो’ असं लिहायचं आणि ‘तो प्रतिकार करतो का?’ हे समोरच्याला ठरवू द्यायचं. पात्राबाहेर येऊन माणूस म्हणून काही सांगायचं असेल तर मजकूर दुहेरी कंसात टाकतात. ‘((भाऊ, हा सीन इथंच थांबव, मला जमत नाहीये))’ असं आलं की सोंग बाजूला ठेवून थांबायचं. याला गोष्टीतला डाव समजून पुढं रेटणारा कितीही झकास अभिनय करत असो, सर्व्हरवर ठेवण्याच्या लायकीचा नाही.

हे धडे जुने आहेत. अमेरिकेत ‘लॅम्डामू’ नावाचं निव्वळ शब्दांनी बांधलेलं एक ऑनलाइन घर होतं, चित्र एकही नाही. तिथं ‘मिस्टर बंगल’ नावाच्या पात्रानं एक प्रोग्राम वापरून इतरांच्या पात्रांकडून त्यांनी न केलेली लैंगिक कृत्यं करवून घेतल्याचं सर्वांसमोर दाखवलं. ज्युलियन डिबेल या पत्रकारानं १९९३ मध्ये ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये त्यावर लेख लिहिला. ज्यांच्या पात्रांवर हे गुदरलं त्यातली एक बाई सिएटलमधल्या आपल्या घरात निषेध टाइप करताना खरोखर रडत होती. मोठा खल झाला आणि अखेर ते खातं उडवण्यात आलं. ‘शब्दच तर होते’ म्हणणारे तेव्हाही होते.

‘खरा कलाकार स्वतःला विसरतो.’

नाही विसरत. वाचनाच्या आनंदाविषयी न. चिं. केळकर यांनी बडोद्याच्या १९२१ च्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली होती. दुसऱ्याच्या भूमिकेत शिरायचं, पण आपलं ‘मी’पण न सोडता, दोन्हीचं भान एकाच वेळी असतं म्हणून आनंद. ते बोलत होते वाचकाविषयी, पण रोलप्लेच्या नियमावलीला याहून चांगली प्रस्तावना मला सापडलेली नाही.

मात्र मधली भिंत पक्की आहे असंही समजू नये. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की आभासी जगात उंच देह मिळालेली माणसं पैशांच्या वाटणीत जास्त अरेरावीनं वागतात आणि बुटका देह मिळालेली अन्याय्य वाटणी जास्त मुकाट्यानं घेतात. उलटही होतं. घरचा राग पात्रातून निघतो, पात्राच्या प्रेमभंगानं रात्रीची झोप उडते. खेळणारे याला ब्लीड म्हणतात. ते झालं म्हणजे माणूस बिघडला असं नाही. सीन संपल्यावर दोघांनी आपापल्या खऱ्या आवाजात दहा मिनिटं गप्पा मारल्या तर बरंचसं निवळतं.

‘खरी नावं लावायला सांगा, सगळे सरळ येतील.’

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’वाल्या ब्लिझर्ड कंपनीनं जुलै २०१० मध्ये आपल्या ऑनलाइन चर्चामंचांवर खरी नावं सक्तीची करू असं जाहीर केलं. घाबरू नका, हे दाखवायला एका कर्मचाऱ्यानं आपलं नाव सांगितलं. लोकांनी लगोलग त्याची खासगी माहिती शोधून पसरवली. काही दिवसांतच कंपनीनं बेत गुंडाळला. आपल्याकडं तर नाव लपवूनही भागत नाही. माइकवर एकदा ‘काऊन बे’ निघालं की मुलुख कळतो आणि दोन वाक्यांत ओळखीचा कुणी तरी गावही सांगतो. खेळणाऱ्या मुलींना याचा जाच सर्वांत जास्त, त्यामुळं पात्राचं नाव हे त्यांच्यासाठी नुसतं नाटक नसतं. त्यामागचं खरं नाव फोडणं हा बहुतेक सर्व्हरवर हकालपट्टीचा गुन्हा आहे, आणि असायलाच हवा.

‘खेळातलं खेळात, पोलिसात काय जायचं?’

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, ही म्हण इथं शब्दशः लागू पडते. खेळातल्या नोटा लुटल्या तर तो कथेचा भाग. पण खेळातली गाडी देतो म्हणून यूपीआयवर खरे पैसे घेतले आणि पठ्ठ्या गायब झाला, तर ती सरळ फसवणूक. दुसऱ्याचं सोंग घेऊन संगणकावरून फसवलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. खेळाबाहेर येऊन खऱ्या घरच्यांना इजा करण्याची धमकी, नको म्हणत असतानाही मुलीच्या इन्स्टाग्रामवर सतत संपर्क, अठराच्या आतल्या मुलामुलीशी ‘पात्रांचं प्रेमप्रकरण’ म्हणून चालवलेलं अश्लील बोलणं, यांना ‘माझं पात्र तसं आहे’ हा बचाव चालत नाही. शेवटच्या प्रकाराला २०१२ चा पॉक्सो कायदा लागू शकतो.

पैसे गेले असतील तर सायबर हेल्पलाइन १९३० वर लगेच फोन करावा; जितका उशीर तितकी रक्कम हाती लागणं अवघड. आणि सर्व्हरच्या अ‍ॅडमिनकडं दाद मागण्याआधी संभाषणाचे स्क्रीनशॉट तारीख, वेळ आणि समोरच्याच्या खात्याचा क्रमांक दिसेल असे काढून ठेवावेत, कारण सर्व्हरवरच्या नोंदी अ‍ॅडमिनच्या हातात असतात आणि कधी कधी तो अ‍ॅडमिन आरोपीचाच वर्गमित्र असतो.