कर्मचाऱ्याचा आजार : मालकाला किती कळावा?

नोकरी करणाऱ्या माणसाच्या प्रकृतीची माहिती मालकाकडे अनेक वाटांनी पोहोचते. नेमणुकीपूर्वीची वैद्यकीय तपासणी, आजारपणाच्या रजेला जोडलेले डॉक्टरांचे प्रमाणपत्र, गटविम्याच्या दाव्यासाठी दिलेली रुग्णालयाची कागदपत्रे आणि धोकादायक उद्योगांत ठरावीक काळाने होणारी तपासणी या त्यांतील नेहमीच्या वाटा होत, आणि यांपैकी एकही मुळात गैर नाही. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात जी दुरुस्ती झाली, तिने घातक रसायनांशी संबंध येणाऱ्या कामगारांच्या आरोग्याच्या अद्ययावत नोंदी ठेवण्याचे बंधन कारखानदारावरच घातले. अशा नोंदी नसतील तर आजार कामामुळेच जडला हे कामगाराला पुढे सिद्ध करणे फार कठीण जाते. तेव्हा मालकाला काहीच कळू नये ही भूमिका टिकणारी नाही. किती कळावे, कोणाला कळावे आणि कळलेले कोठे थांबावे, हा खरा वाद आहे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९७ मध्ये कामगारांच्या वैयक्तिक माहितीसंबंधी जी आचारसंहिता प्रसिद्ध केली, तिने यावर एक सुटसुटीत कसोटी सुचवली आहे. वैद्यकीय तपासणीतून मालकापर्यंत जावा तो फक्त त्या कामासंबंधीचा निष्कर्ष. त्यामागचे निदान जाऊ नये. कर्मचाऱ्याला सहा आठवडे रात्रपाळी देऊ नये, एवढे कळले की पाळ्यांचा तक्ता लावणाऱ्याचे काम भागते. ती अडचण अपस्माराची आहे, मानसिक आजाराची आहे की गरोदरपणाची, हे त्याला कळण्याची गरज नसते. ही संहिता कोणत्याही देशाला कायद्याप्रमाणे बांधून घेत नाही. तरीही रजेसाठी प्रमाणपत्र मागताना कर्मचाऱ्याने डॉक्टरांना निदानाऐवजी ‘कामास योग्य’ किंवा ‘अमुक दिवस कामास अयोग्य’ एवढेच लिहिण्याची विनंती करणे, आणि आस्थापनेच्या नियमाने निदान द्यावेच लागत असेल तर ते बंद पाकिटातून थेट वैद्यकीय अधिकाऱ्याकडे देणे, या दोन गोष्टी पुढचा बराच त्रास वाचवतात.

गोपनीयतेचा भंग म्हटला की चोरलेल्या फायली किंवा संगणकावरचा हल्ला डोळ्यांसमोर येतो. कार्यालयांत प्रत्यक्षात घडणारा भंग बहुधा त्याहून साधा असतो. वरिष्ठ रजेचा अर्ज सर्वांसमोर मोठ्याने वाचतो, विम्याच्या दाव्यांची यादी चुकून साऱ्या विभागाला ई-मेलने जाते, किंवा आजारी सहकाऱ्यासाठी वर्गणी गोळा करण्याच्या सद्हेतूने त्याच्या कर्करोगाची बातमी रुग्णालयाच्या कागदांच्या छायाचित्रासह व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकली जाते. मराठी कार्यालयांत तब्येतीची चौकशी हा सौजन्याचाच भाग मानला जात असल्याने हा शेवटचा प्रकार भंग आहे, हे करणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते. मात्र संबंधिताची संमती नसेल तर हेतू चांगला होता या सबबीने परिणाम बदलत नाही. उलट, कर्मचाऱ्याने स्वतःच चहाच्या वेळी चार सहकाऱ्यांना सांगितलेली गोष्ट पुढे पसरली, तर मालकाने विश्वास मोडला असे म्हणता येत नाही. कायद्यानेच सांगितलेली कळवणी हीदेखील भंगात मोडत नाही. मात्र तिची दिशा पाहावी लागते. क्षयरोग २०१२ पासून अधिसूचित आहे, म्हणजे रुग्ण आढळल्यास डॉक्टरांनी तो सार्वजनिक आरोग्य यंत्रणेला कळवायचा असतो. तो मालकालाही कळवावा असा अर्थ त्यातून निघत नाही.

भारतीय कायद्याचे चित्र ठिगळांचे आहे, आणि कोणते ठिगळ आपल्याला लागू पडते हे ओळखण्यावरच पुढची बरीच लढाई अवलंबून असते. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये भारतीय आयुर्विमा महामंडळाच्या एका कर्मचारी महिलेच्या प्रकरणात, नेमणुकीच्या घोषणापत्रात मासिक पाळी आणि गर्भारपण यांविषयी विचारलेले रकाने अपमानास्पद ठरवून ते काढून टाकण्यास सांगितले आणि तिला पुन्हा कामावर घ्यायला लावले. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये, एचआयव्हीची लागण आढळली म्हणून सार्वजनिक क्षेत्रातील एका उपक्रमाने ज्याला कामावरून दूर केले होते, त्या हंगामी कामगाराच्या बाजूने निकाल दिला. रोग जडला तरी माणूस काम करण्यास समर्थ असेल आणि इतरांना धोका नसेल, तर त्याची रोजी काढून घेता येत नाही, हे त्या निकालाचे सार होते. त्या कामगाराला खटला खऱ्या नावाने लढावा लागला नाही. टोपणनावाने दाद मागण्याची ही मुभा किरकोळ वाटेल, परंतु ती नसती तर गुप्तता राखण्यासाठी न्यायालयात गेलेल्याची गुप्तता न्यायालयाच्या दारातच संपली असती. पुढे २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने ठरवले. मात्र मूलभूत हक्क प्रामुख्याने शासनाविरुद्ध बजावता येत असल्याने सरकारी कर्मचाऱ्याला रिट याचिकेचा जो मार्ग मोकळा असतो, तो खासगी कंपनीतल्या नोकरदाराला सहसा मिळत नाही.

सर्वांत भक्कम संरक्षण एकाच संसर्गाला मिळाले आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम २०१७ मध्ये संमत होऊन सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्यानुसार नोकरीची अट म्हणून ही चाचणी लादता येत नाही, विश्वासाच्या नात्यातून कळलेली दुसऱ्याची एचआयव्हीस्थिती त्याच्या लेखी व माहितीपूर्ण संमतीशिवाय, म्हणजे परिणाम समजावून घेऊन दिलेल्या संमतीशिवाय, काही ठरावीक अपवाद वगळता उघड करता येत नाही, आणि शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. आरोग्य संस्थांसाठी हा आकडा वीसचा आहे. त्यावर राज्याने नेमावयाचा लोकपाल आहे, त्याने तीस दिवसांत आदेश द्यावा अशी तरतूद आहे, आणि तक्रारदाराला त्रास देण्यासही मनाई आहे. मधुमेह, कर्करोग किंवा मूत्रपिंडाच्या विकाराची माहिती फुटली तर असा कोणताही स्वतंत्र दरवाजा नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम गुप्ततेचा हक्क देतो, परंतु त्याचे बंधन मुख्यतः उपचार करणाऱ्यांवर आहे, मनुष्यबळ विभागावर नाही. गुप्ततेचे मोल आजाराच्या नावावरून ठरावे, ही रचना समर्थनीय वाटत नाही.

इतर आजारांसाठी उरतो तो माहिती तंत्रज्ञान अधिनियम. त्याखालील २०११ च्या नियमांनी शारीरिक व मानसिक आरोग्य आणि वैद्यकीय नोंदी यांना ‘संवेदनशील वैयक्तिक माहिती’ ठरवले, म्हणजे लेखी संमतीशिवाय गोळा न करण्याची आणि सहसा पूर्वपरवानगीशिवाय दुसऱ्याला न देण्याची माहिती. कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून महिन्याभरात तक्रारीचा निकाल लावावा, असेही त्यांत आहे. याच अधिनियमाच्या कलम ४३अ नुसार, संगणकीय साधनांतील अशी माहिती जपण्यात हयगय होऊन कोणाचे नुकसान झाले, तर भरपाईचा दावा न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे करता येतो. हे काम राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांकडे असते आणि पाच कोटी रुपयांपर्यंतचे दावे त्यांच्यापुढे चालतात. ही वाट अनेक वकिलांच्याही लक्षात नसते.

भंग झाल्याचे समजल्यावर पहिल्या काही दिवसांत केलेल्या गोष्टींना फार महत्त्व असते. संदेश ज्या फोनवर आला तो फोन आणि मूळ संदेश जपून ठेवावा, केवळ पडद्याच्या चित्रावर विसंबू नये, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि मूळ साधन हाती असल्यास ते सोपे जाते. कोणी, कधी, कोणापुढे काय सांगितले याची तारीखवार टिपणी त्याच आठवड्यात लिहून ठेवावी. नंतरची तक्रार लेखी असावी, पण ती लिहिताना एक विसंगती सांभाळावी लागते: तक्रारीतच निदान सविस्तर लिहिले आणि तिच्या प्रती दहा टेबलांवर फिरल्या, तर भंग तक्रारदाराच्याच हाताने वाढतो. म्हणून ‘माझी आरोग्यविषयक माहिती’ एवढाच उल्लेख करून ती एकाच जबाबदार अधिकाऱ्याला उद्देशून द्यावी आणि पोच घ्यावी. फुटलेली माहिती परत आणता येत नाही, त्यामुळे शिक्षेच्या मागणीपूर्वी तिचा प्रसार थांबवण्याची मागणी यावी. संदेश काढून टाकावा, तो कोणाकोणाकडे गेला हे लेखी कळवावे, फाइल पाहण्याचा अधिकार मर्यादित करावा आणि या माहितीचा बढती, बदली किंवा कराराच्या नूतनीकरणात वापर होणार नाही असे लिहून द्यावे, या मागण्या ठोस असतात आणि त्या नाकारल्या गेल्या तर तो नकारही पुढे पुरावा ठरतो. माहिती कंपनीच्या डॉक्टरांकडून फुटली असेल तर राज्याच्या वैद्यक परिषदेकडे वेगळी तक्रार करता येते. बदनामीचा दावा मात्र येथे दुबळा पडतो: दिवाणी दाव्यात विधान खरे असणे हाच बचाव असतो, आणि आजार तर खराच असतो. फौजदारी कायद्यात ते विधान लोकहितासाठी आवश्यक होते हेही दाखवावे लागते, एवढाच काय तो आधार.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मुळे हे सारे बदलेल अशी अपेक्षा बाळगली जाते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. त्यांच्याबरोबर कलम ४३अ रद्द होईल. माहिती फुटल्यास बाधित व्यक्तीला कळवणे नव्या कायद्याने सक्तीचे केले आहे आणि सुरक्षेतील कसुरीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. परंतु तो दंड भारताच्या संचित निधीत जातो, ज्याची माहिती फुटली त्याला त्यातून काहीच मिळत नाही. नोकरीविषयक कारणांसाठी संमतीविना माहिती वापरण्याची मुभा मालकाला आहे, आरोग्याच्या माहितीला संवेदनशील म्हणून वेगळे स्थान नाही, आणि जी माहिती कागदावरच राहिली, कधी संगणकात गेलीच नाही, ती या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. खोटी किंवा क्षुल्लक तक्रार करणाऱ्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड मात्र कायद्याने आठवणीने ठेवला आहे.

अशी बरीच प्रकरणे न्यायालयापर्यंत न जाता राजीनामा आणि तडजोडीत संपतात, आणि तेथे रकमेच्या घासाघीसीत एक कलम सहसा राहून जाते. नवा मालक पूर्वीच्या कार्यालयाकडे चौकशी करतो तेव्हा नोकरीचा कालावधी आणि पद यांपलीकडे काहीही सांगितले जाणार नाही, आणि वैद्यकीय कागद कायद्याने ठेवावे लागत नसतील तर ते परत केले किंवा नष्ट केले जातील, असे तडजोडीच्या मसुद्यात स्पष्ट लिहून घ्यावे आणि त्यावर सही करणाऱ्याचे पदही नमूद करून घ्यावे.