भूपाला दोनच कॉर्ड पुरतात

कल्याण सोडून कर्जतकडे निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते ती विठ्ठलवाडीला. या पट्ट्यात भजन म्हटलं की पेटी आलीच, आणि पेटीवर एका वेळी तीन पट्ट्या सहज दाबता येतात. तरीही कॉर्ड ही गिटारवाल्यांची, चर्चची, लग्नातल्या ऑर्केस्ट्राची. आपल्या गाण्यात तिचं काय काम, असं सर्रास म्हटलं जातं. खरं तर कॉर्ड म्हणजे ठरावीक अंतरावरचे किमान तीन स्वर एकदम वाजवणं, बस. पांढरी एकचा सा धरून पांढरी एक, तीन आणि पाच एकत्र दाबा: सा-ग-प, मेजर कॉर्ड. काळ्या-पांढऱ्या मिळून मोजलं तर सा ते ग चार घरं, ग ते प तीन. मधला ग एक घर उतरवून कोमल केला की तीन-चार असा उलटा हिशेब होतो, ती मायनर. एवढ्याशा फरकाने सगळा भावच पालटतो.

सा-ग-प हे त्रिकूट आपल्याकडे तंबोऱ्यातच आहे. तार छेडली की मूळ नादासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे नादही उमटतात. मूळ नाद पहिला धरला तर त्यांतले चौथा, पाचवा आणि सहावा म्हणजे सा, ग आणि प. जवारी चांगली लागली की खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गंधार तो हाच. कॉर्डचं नावही नको असलेल्या गवयाच्या मागे ती मंदपणे वाजतच असते!

यावर आक्षेप येतो तो असा की तंबोरा स्थिर असतो, कॉर्ड मात्र बदलत राहतात आणि रागाचा पायाच हलवतात. 1926 पासून कल्याण गायन समाज जिथे आहे, त्या भागातल्या श्रोत्यांनी हे म्हणणं साहजिक आहे, आणि त्यात तथ्यही आहे. भूप घ्या. सा रे ग प ध या पाच स्वरांतून सा-ग-प ही मेजर आणि ध-सा-ग ही मायनर, अशा दोनच कॉर्ड निघतात. सवयीने तिसरी प-नि-रे लावली की वर्ज्य निषाद घुसतो आणि भूप संपतो. मालकंसात तर पंचमच नाही, त्यामुळे सा वर उभी राहणारी अशी कॉर्डच बनत नाही. म-ध-सा वाजवत राहिलं तर कानाला मध्यमच घर वाटू लागतो. पण यात दोष कॉर्डचा नाही, न पाहता लावणाऱ्याचा आहे. राग आधी, कॉर्ड त्याच्या स्वरांतून, एवढं पथ्य पाळलं की पुरे.

दुसरा आक्षेप पेटीच्या सुरांचा. 240 कंपनांच्या सा ला शुद्ध गंधार 300 चा हवा, समान अंतरं पाडलेल्या पेटीत तो सुमारे 302 चा येतो. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत पेटी बाहेर ठेवली, त्यामागे असेच आक्षेप होते. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणं, जमत नाही हा तर पेटीचा कायमचा उणेपणा. पण तो एकेका स्वरालाही लागू आहे. त्यासाठी कॉर्डवर वेगळा खटला कशाला? शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं वाद्यवृंद-संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसूझा, किंवा राग आणि सिम्फनी एकत्र आणू पाहणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, या गोव्याच्या मंडळींचं काम ऐकलं तरी ही भीती बरीच कमी होईल.

पेटी हाताशी असेल तर भूपातलं एखादं भजन या दोन कॉर्डवर वाजवून पाहा; फक्त गाणारा स्वरावर थांबेल तेव्हाच त्या दाबा, तान चालू असताना नको.