शुद्ध कडकनाथ : नुसता काळा रंग पाहून फसू नका

पिंपरी-चिंचवड, मोशी, चाकण पट्ट्यात कारखान्यातील नोकरी सांभाळून परसात कडकनाथ पाळण्याची हौस अनेकांना आहे. पैदाशीसाठी पक्षी घेताना ‘शुद्ध’ म्हणून जास्त दर मोजला जातो. मात्र काळा दिसणारा प्रत्येक पक्षी शुद्ध नसतो.

जातीची लक्षणे

कडकनाथ ही मध्य प्रदेशातील झाबुआ भागातील जात. तिच्या मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. स्थानिक नाव ‘कालामासी’. पूर्ण काळा, पिसांवर रेघा असलेला आणि सोनेरी छटेचा असे तीन प्रकार आढळतात.

- त्वचा, चोच, पाय, नखे गडद. तुरा, जीभ जांभळट काळी.
- पूर्ण वाढलेला नर साधारण 1.5 ते 2 किलो, मादी 1 ते 1.5 किलो. अडीच किलोची मादी दिसल्यास संकराची शंका घ्यावी.
- अंडे फिकट तपकिरी असते. ‘काळे अंडे’ ही निव्वळ फसवणूक.

रंग पुरावा का नाही?

काळेपणा देणारे जनुक प्रभावी आहे. त्यामुळे कडकनाथ नर आणि गावठी कोंबडी यांच्या संकरातही पहिल्या पिढीतील बरीच पिल्ले, विशेषतः माद्या, काळ्या दिसतात. अशा पक्ष्यांची आपसात पैदास केली की पुढच्या पिढीत फिक्या त्वचेची पिल्ले निघतात. म्हणून पक्षी घेताना त्याचे आई-वडील आणि भावंडे पाहावीत, पैदाशीची नोंद मागावी. झाबुआ येथील कृषी विज्ञान केंद्रासारख्या खात्रीच्या ठिकाणाहून पिल्ले घेतलेली बरी.

कळप शुद्ध कसा ठेवावा?

1. वनराजा, गिरिराजा किंवा गावठी नर कडकनाथच्या माद्यांत सोडू नये. दुसरा नर लागला असल्यास त्याला बाजूला केल्यानंतर किमान 21 दिवसांची अंडी उबवणीला ठेवू नयेत. मादीच्या शरीरात नराचे बीज दोन ते तीन आठवडे टिकते.
2. दहा माद्यांमागे एकच नर ठेवून त्यांच्याच पिल्लांतून पुढची पैदास केल्यास नात्यातील पैदास दर पिढीला सुमारे 14 टक्क्यांनी वाढते. उबवण घटते, मरतूक वाढते. त्याऐवजी तीन गट करावेत. प्रत्येकात एक नर, चार माद्या. पहिल्या गटातील तरुण नर दुसऱ्या गटात, दुसऱ्यातील तिसऱ्यात, तिसऱ्यातील पहिल्यात सोडावा. तरुण माद्या आपापल्या गटातच ठेवाव्यात. तीन नर आणि बारा माद्या असल्यास ही वाढ सुमारे 5 टक्क्यांवर येते.
3. पिल्लांच्या पायात गटानुसार वेगळ्या रंगाची कडी घालावी. वहीत उबवणीची तारीख, गट, वजन लिहावे.
4. निवड तीनदा करावी : उबल्यावर, आठव्या आठवड्यात आणि विसाव्या आठवड्यात. फिके पाय, पांढरी पिसे, वाकडी बोटे किंवा छातीचे वाकडे हाड असलेले पक्षी पैदाशीतून काढावेत. ते खाण्यासाठी विकता येतात.
5. बाहेरून आणलेला पक्षी महिनाभर वेगळा ठेवावा. लसीकरणाचे वेळापत्रक पशुवैद्यकाकडून घ्यावे.

इंग्लंडमध्ये 1865 पासून कोंबड्यांच्या जातींची मानके छापली जातात आणि प्रदर्शनात त्यावरून गुण दिले जातात. मानकाशी जुळणारा एखादा पक्षी नशिबानेही मिळतो. तशीच पिल्ले पिढ्यान्‌पिढ्या निघाली, तरच आपल्या कळपाला शुद्ध म्हणता येते. हे दाखवायला पैदाशीची वही लागते. विकताना ती ग्राहकापुढे ठेवावी आणि घेताना विक्रेत्याकडे मागावी.