परवाना आपला, पण तो चालतो कुणाच्या घरी?

मागच्या वेळी आपण व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय ते पाहिलं. एका दणकट यंत्राच्या पोटात सॉफ्टवेअरने मांडलेले अनेक संगणक. आज त्यांच्या खर्चाबद्दल बोलू. आम्ही एका ग्रंथालयाच्या कार्यकारिणीवर आहोत. तिथला सूचीचा सर्व्हर क्लाऊडवर नेला, आणि पहिलं बिल आल्यावर खजिनदार म्हणाले, "सर, विंडोज तर आपण विकत घेतलंय. मग हे पुन्हा पैसे कसले?" तत्त्वज्ञानात डॉक्टरेट असून आम्हाला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही.

आधी आकडे बघू. ॲमेझॉनच्या व्हर्जिनिया केंद्रात 'एम५ लार्ज' नावाचं मशीन मिळतं. दोन व्हीसीपीयू, आठ जीबी मेमरी. लिनक्ससह त्याचा जाहीर दर तासाला ०.०९६ डॉलर, विंडोज सर्व्हरसह ०.१८८. महिन्याचे ७३० तास धरले तर साधारण ७० आणि १३७. यंत्र तेच, वीज तीच. वरचे ६७ डॉलर निव्वळ परवान्याचे.

नव्यन्यायात 'स्वत्व' म्हणजे मालकी, यावर मोठा वाद आहे. वस्तू हवी तशी वापरता येण्याची योग्यता म्हणजे स्वत्व, असं एक लक्षण सांगतात. रघुनाथ शिरोमणी तर स्वत्व हा स्वतंत्र पदार्थच मानतो. त्या लक्षणाची कसोटी लावली तर विंडोज आपण कधी 'घेतलं'च नव्हतं. आपण घेतली ती परवानगी, आणि तीही कपाटातल्या एका यंत्राला नेमून दिलेली. ते यंत्र सुटलं की परवानगी आपोआप मागोमाग येत नाही.

आता खरी गंमत बरं का. आपला परवाना मायक्रोसॉफ्टच्याच अझूरवर नेता येतो, त्यावर सॉफ्टवेअर ॲश्युरन्स हा वेगळा पैसे भरून घ्यायचा करार चालू असेल तर. मग तिथे यंत्राचा नुसता मूळ दर पडतो. ॲमेझॉन किंवा गूगलच्या सामायिक यंत्रांवर मात्र तो करार असूनही विंडोज सर्व्हरचा परवाना चालत नाही. पूर्वी त्यांचं अख्खं राखीव यंत्र घेऊन त्यावर नेता यायचा. १ ऑक्टोबर २०१९ पासून घेतलेल्या परवान्यांना तीही वाट बंद झाली. म्हणजे प्रोग्राम तोच, किंमत ठरते घरमालक कोण यावर! ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने जुलै २०२५ मध्ये, अशा अटींमुळे ॲमेझॉन आणि गूगल यांच्या स्पर्धाक्षमतेला बाधा येते, असा निष्कर्ष काढला. मायक्रोसॉफ्टला तो मान्य नाही. आम्हाला पटतो.

लिनक्स फुकट, असं कुणी म्हणेल. उबुंटू, डेबियन यांना परवाना शुल्क नाही, खरंय. पण रेड हॅटचं वर्गणीवर चालतं, क्लाऊडवर तेही तासावर मोजतात.

ज्यांना विंडोज सोडता येत नाही त्यांनी एक पाहावं: ॲमेझॉनवर शुल्क व्हीसीपीयूवर लागतं, मेमरीवर नाही. सोळा जीबी मेमरी हवी म्हणून लोक चार व्हीसीपीयूचं 'एम५ एक्सलार्ज' घेतात. तेवढीच मेमरी 'आर५ लार्ज'मध्ये दोन व्हीसीपीयूंवर मिळते, म्हणजे परवान्याचा खर्च निम्मा. ग्रंथालयाची सूची शोधायला प्रोसेसर लागतो कितीसा?

आणि मशीन थांबवलं की तासाचं मीटर थांबतं, परवान्याचंसुद्धा. डिस्कचं भाडं तेवढं चालू राहतं. आमचं ग्रंथालय सकाळी दहाला उघडतं, रात्री आठला बंद होतं. सर्व्हर मात्र रात्रभर जागा होता, कुणीही पुस्तक मागत नसताना. आता शिपाई दिवे मालवतो त्याच वेळी तोही थांबतो. खजिनदारांनी पुढचं बिल आम्हाला दाखवलं, काही न बोलता.