केसांत उतरलेला मासळीचा हिशेब

आठवड्याला 42 मायक्रोग्रॅम. 60 किलो वजनाच्या बाईच्या पोटात माशांतून एवढा मिथिल पारा नियमित जात राहिला, तर वर्षभरात तिच्या केसांतलं प्रमाण साधारण 1 पीपीएमवर स्थिरावतं, म्हणजे ग्रॅमभर केसात 1 मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची सुरक्षित मर्यादा जवळपास हीच आहे.

हे 42 मायक्रोग्रॅम किती मासळीतून येतात? अमेरिकी अन्न प्रशासनाच्या सरासऱ्या धरल्या, तर तारलीच्या जातीच्या माशातून (0.013 पीपीएम) 3 किलोहून जास्त, अटलांटिक बांगड्यातून (0.05) 840 ग्रॅम आणि मुशीतून (0.979) फक्त 43 ग्रॅम. हे आकडे अरबी समुद्राचे नाहीत, ते जसेच्या तसे इथे लावू नयेत. पण उतरंड सगळीकडे तीच: मोठा मासा लहानाला खातो आणि पारा वर चढत जातो. म्हणून ‘आठवड्यातून किती वेळा मासे खाता?’ हा नेहमीचा प्रश्न अर्धवट आहे. कुठला मासा, हे विचारायला हवं.

रक्तातला मिथिल पारा सुमारे 50 दिवसांत निम्मा होतो, त्यामुळे रक्ताची चाचणी अलीकडचंच सांगते. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो आणि वाढताना रक्तातला पारा रक्ताच्या सुमारे 250 पट प्रमाणात धरून ठेवतो. मानेच्या वरची बट टाळूलगत कापायची, मुळाकडचं टोक दोऱ्याने बांधायचं, मग सेंटिमीटरमागे एक महिना वाचायचा. 12 सेंटिमीटरला वर्ष झालं.

कोकण किनाऱ्यावरच्या दिवेआगरसारख्या गावात केसांचं हे वाचन रंगतदार ठरेल. महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असते. त्या 61 दिवसांत ताटातली ताजी सुरमई, मुशी आटते आणि जवळा, सुके बोंबील येतात. केसात त्या महिन्यांचा उतार दिसावा, मात्र रक्तातला पारा सावकाश उतरत असल्याने तो थोडा पुढे सरकलेला असेल. सुक्या मासळीच्या आकड्याने घाबरू नये. ताज्या बोंबलात 90 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते उडालं की पीपीएम सात-आठ पटींनी फुगतो, पारा तेवढाच राहतो. शिवाय वाडीतल्या शाकाहारी घरांचे केस आणि शेजारच्या भरडखोलच्या कोळ्यांचे केस, अशी तुलना एवढ्याशा अंतरात कुठे मिळणार?

मुंबईजवळच्या पाण्यात पारा मोजायला बराच आधी सुरुवात झाली. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या झिंगडे आणि देसाई यांनी ठाणे खाडीतल्या पाऱ्यावरचा अभ्यास 1981 मध्ये प्रसिद्ध केला. पण पाणी नि गाळ शरीराचं सांगत नाहीत, ते केसच सांगतात. जपानमध्ये मिनामाताच्या रोगाची अधिकृत नोंद 1956 मध्ये झाली, तिथे केसात 705 पीपीएमपर्यंत पारा सापडला. उलट सेशेल्समध्ये रोज मासे खाणाऱ्या मातांची सरासरी 6.8 होती, तरी मुलांच्या वाढीवर ठळक दुष्परिणाम आढळले नाहीत. फेरो बेटांवर सरासरी सुमारे 4.3 असूनही मुलांच्या स्मरणशक्तीत आणि भाषेत फरक दिसला. तिथला पारा मुख्यतः व्हेलच्या मांसातून येई. म्हणजे 1 ओलांडला की आजार, असं गणित नाही. ती सावधगिरीची रेघ आहे.

केसांच्या चाचणीला मर्यादाही आहे. केस मिथिल पाऱ्याचाच चांगला साक्षीदार. पाऱ्याची वाफ घेणाऱ्या कामगाराची तपासणी लघवीतून करावी लागते.

आपल्याकडे अशा केसतपासणीची सुरुवात करायची तर बाळंतिणींपासून: टाळूलगतच्या 9 सेंटिमीटरमध्ये गर्भारपणाचे नऊही महिने असतात आणि गर्भातल्या मेंदूला धोका सर्वांत जास्त. मासे बंद करायला सांगण्याची गरज नाही. मुशीऐवजी तारली.