थेंबे थेंबे तळे आटे

माझ्या आजीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले तेव्हा ते घरातले मोठे संकट होते. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, डोळ्यावर पट्टी, मान हलवायची नाही अशी ताकीद, आणि पुढे जन्मभर सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. आईच्या वेळी यातले काहीच नव्हते. सकाळी साडेनऊला तिला आत नेले आणि दुपारच्या जेवणाला ती घरी होती. डोळ्यात कृत्रिम भिंग बसले होते, टाका एकही नव्हता. शेजारणी चौकशीला आल्या तेव्हा आईनेच त्यांना चहा विचारला.

एवढे सगळे इतके सोपे झाल्यावर, येताना हातात दिलेला कागद कोण गांभीर्याने घेणार? त्यावर तीन बाटल्यांची नावे होती. पहिली जंतुनाशक. दुसरी स्टेरॉइडची, आधी दिवसातून सहा वेळा आणि मग दर आठवड्याला एकेक कमी. तिसरी नेपाफेनॅकची, दिवसातून तीनदा. आणि आईला मधुमेह असल्याने ती पुरे सहा आठवडे. ही तिसरी बाटली ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच सुरू झाली होती. जखम होण्याआधीच औषध कशासाठी, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पडायला हवा होता.

त्याचे उत्तर मी नंतर, ठेच लागल्यावर समजून घेतले. शरीराला कुठेही इजा झाली की तिथल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करतात. वेदना, लाली, सूज हा बराचसा त्यांचाच कारभार. ॲस्पिरिन ही द्रव्ये तयार होण्यावरच बंदी घालते, हे जॉन वेन यांनी १९७१ साली दाखवून दिले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. याच गोत्रातली औषधे पुढे डोळ्यांच्या थेंबांत आली. त्यांचे पहिले काम ऑपरेशन चालू असतानाच. शल्यक्रियेची हत्यारे आत शिरली की डोळ्याची बाहुली आकसू लागते, आणि सर्जनला तर याच दारातून काम करायचे असते. ते दार उघडे राहावे म्हणून फ्लर्बिप्रोफेनच्या थेंबांना अमेरिकेत १९८६ साली मान्यता मिळाली. कारखाना सुरू होण्याआधीच त्याला टाळे ठोकावे, तसे हे आदल्या दिवशीचे औषध.

दुसरे काम नंतरचे, आणि तिथेच आमचा घात झाला.

तिसऱ्या आठवड्यात आईचा डोळा लख्ख होता. लाली नाही, दुखणे नाही. पेपरातल्या छोट्या जाहिरातीसुद्धा ती चष्मा लावून घडाघडा वाचू लागली. ‘ते औषध चुरचुरतं रे, आता काय झालंय मला?’ असे ती म्हणाली आणि मला ते पटले. त्यातच नात्यातले लग्न निघाले. बाटली देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर राहिली ती राहिलीच.

सहाव्या आठवड्यात एका सकाळी आई पेपर खाली ठेवून म्हणाली, ‘ओळी मधेच वाकतात रे. शब्दाचा मधला भाग पुसल्यासारखा दिसतो.’

डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन काढला आणि पडद्यावरचे चित्र मला दाखवले. नेत्रपटलाचा जो मधला ठिपका आपल्याला बारीक अक्षरे दाखवतो, तिथे पाण्याचे छोटे छोटे फुगे धरले होते. प्रोस्टाग्लँडिनमुळे रक्तवाहिन्या पाझरतात आणि पाझरलेले पाणी तिथे साचते. अमेरिकेतल्या अर्विन यांनी १९५३ साली मोतीबिंदूनंतरच्या या दुखण्याचे वर्णन केले आणि १९६६ साली गॅस यांनी पाझर नेमका कुठे होतो ते दाखवले. म्हणून त्याला दोघांचेही नाव आहे. मधुमेह्यांना धोका अधिक. आणि याची खोड अशी, की ते बहुधा ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांनी येते. डोळा दुखत नाही, लाल होत नाही. आपण ‘बरे झाले’ म्हणून बाटली फेकतो, नेमके तेव्हा.

‘माझ्यामुळे झाले का हे?’ मी विचारले. डॉक्टर म्हणाले, ‘थेंब चालू असते तर सूज आलीच नसती, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण तुम्ही पहारा उठवलात, एवढे खरे.’

थेंब पुन्हा सुरू झाले. ओळी सरळ व्हायला अडीच महिने लागले. दर खेपेला स्कॅनमधले ते तळे थोडे थोडे आटलेले दिसे. त्या अडीच महिन्यांत आईने मला एका शब्दाने बोल लावला नाही. लहानपणी मला विषमज्वर झाला होता, तेव्हा गजराचे घड्याळ उशाशी घेऊन ती दर सहा तासांनी औषध द्यायला उठत असे. तिला बहुधा ते आठवतही नसेल. मला मात्र रोज आठवत होते.

पण म्हणून हे थेंब म्हणजे गंगाजल नव्हे. १९९९ साली अमेरिकेत डायक्लोफेनॅकचे एक बनावटीचे थेंब बाजारातून मागे घ्यावे लागले, कारण काही रुग्णांचे बुबुळच झिजून विरघळू लागले होते. स्टेरॉइडची तऱ्हा आणखी वेगळी. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना त्या थेंबांनी फार बरे वाटे. जुनी चिठ्ठी दाखवून ते महिनोन्‌महिने बाटल्या आणत राहिले. डोळ्यातला दाब चढत गेला आणि काचबिंदूने नजरेचा जो भाग नेला तो परत आला नाही. लवकर थांबवणे ही जशी चूक, तशी आपल्या मनाने लांबवणे हीसुद्धा.

या हिवाळ्यात आईच्या दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. या वेळी पत्नीने भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी रकाने आखलेला कागद लावला. हात धुवायचे, खालची पापणी ओढायची, एकच थेंब टाकायचा. डोळ्यात एका थेंबाएवढीही जागा नसते. दुसरा गालावरूनच ओघळतो. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरायचा. दोन औषधांमध्ये पाच मिनिटांचे अंतर, नाही तर दुसरे पहिल्याला धुऊन नेते.

‘आई, तुमचा दुपारचा राहिला,’ पत्नी हाक मारते, आणि आई कुरकुरत पलंगावर आडवी होते. थेंब मीच टाकतो. सर्जनचे काम पंधरा मिनिटांत संपले होते. आमचे सहा आठवड्यांचे होते. शेवटच्या रकान्यात आईने काल स्वतःच्या हाताने फुली मारली. रेघ अगदी सरळ होती.