घुबडाचे कान

पनवेलपासून सुमारे १२ किलोमीटर अंतरावर कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य आहे. १९६८ साली त्याची स्थापना झाली. तेथील पक्षी पाहावयास दिवसा पुष्कळ लोक जातात. सूर्यास्तानंतर मात्र ह्या परिसरात निशाचर पक्ष्यांचा संचार सुरू होतो. घुबड हा त्यांपैकीच एक. त्यातील गव्हाणी घुबड मनुष्यवस्तीजवळही राहते. पडक्या वाड्यांत, कोठारांत किंवा झाडांच्या ढोलीत ते दिवस काढते आणि अंधार पडताच उंदरांच्या शोधार्थ शेतांकडे निघते.

पेंढ्याखाली दडलेला उंदीर त्याला काळोखात कसा सापडतो? रॉजर पेन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने ह्याचा शोध घेतला. पूर्ण अंधाऱ्या खोलीत त्याने सुकी पाने पसरून त्यांवर उंदीर सोडला. पाने सळसळताच घुबडाने अचूक झडप घातली. पुढे त्याने दोरीला बांधलेला कागदाचा बोळा पानांतून ओढला. तेव्हा घुबड त्या बोळ्यावरच तुटून पडले! कागदाला उंदराचा वास नव्हता, की ऊबही नव्हती. घुबड केवळ आवाजाचा माग काढते, हे त्यावरून सिद्ध झाले. हे संशोधन १९७१ साली प्रसिद्ध झाले.

नीट ऐकू यावे म्हणून आपण कानामागे हात धरतो. गव्हाणी घुबडाचा पसरट, बदामी आकाराचा चेहरा हेच काम करतो. तो आवाज गोळा करून कानांकडे पोचवितो. उंदीर उजवीकडे असेल, तर आवाज उजव्या कानात क्षणमात्र आधी शिरतो. हा फरक सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहून कमी असला, तरी घुबडाला तो कळतो. शिवाय त्याचे कान समपातळीत नसतात. डाव्या कानाचे छिद्र किंचित वर असून ते खालचा आवाज अधिक टिपते; उजवे वरचा. दोन्ही कानांतील आवाजाच्या तीव्रतेची तुलना होऊन भक्ष्य किती खाली आहे, हे त्याला समजते. त्याच्या पिसांच्या कडा मऊ व झालरीसारख्या असल्यामुळे उडताना आवाज होत नाही. म्हणून उंदराला चाहूल लागत नाही आणि घुबडाच्या ऐकण्यातही व्यत्यय येत नाही.

अशा ह्या पक्ष्याला अशुभ मानून हुसकावण्याची, प्रसंगी मारण्याचीही चाल काही ठिकाणी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबडाच्या शिकारीस बंदी आहे. परंतु कायद्याहून मोठे कारण शेतकऱ्याच्या कणगीत आहे. उंदीर रात्री धान्य खातात, आणि त्याच रात्री घुबड मोबदला न घेता त्या धान्याची राखण करीत असते.